टॅरोचे तेरावे पान



टॅरोच्या कॅटात ७८ पाने. २२ चित्रांची, बाकी प्याले, नाणी, तलवारी व दंड यांची. १५ व्या शतकात इटलीत ती खेळायला निघाली. भविष्याचा नाद फ्रान्सात १७८१ नंतर वाढला.

मार्सेय कॅटातले १३ वे पान सांगाड्याचे. हाती विळा, खाली नाव नाही. आमच्या आळीत ते निघाले म्हणून एकीने मुलीचे ठरलेले लग्न थांबवले! मला फार वाईट वाटले. जाणते त्याचा अर्थ मरण असा लावीत नाहीत. जुने सरले, नवे येणार, असा लावतात. कापणीवाचून पेरणी कुठली? शेजारच्या पानांनीही अर्थ पालटतो.

तेव्हा पाने मनातले बोलायला घ्या. निर्णय घरच्यांशी बोलूनच करा.