शस्त्रक्रियेनंतरची खोली आणि आपण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



शस्त्रक्रिया म्हटली की आपले सारे लक्ष डॉक्टरांच्या सुरीकडे असते. पण सुरी खाली ठेवली म्हणजे सगळे झाले असे नाही. भूल उतरेपर्यंत रोग्याला शेजारच्या खोलीत नजरेखाली ठेवतात. तिला रिकव्हरी रूम म्हणतात. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८६३ साली आपल्या रुग्णालयविषयक ग्रंथात अशा खोलीचा उल्लेख केला होता. आज मला बोलायचे आहे ते त्या खोलीविषयी आणि तिच्या दाराशी उकिडव्या बसलेल्या माणसांविषयी.

आत परिचारिका जणू परीक्षाच घेत असते. १९७० साली आल्ड्रेट व क्रोलिक यांनी तिची गुणपत्रिका मांडली. हातपाय हलतात का, श्वास नीट आहे का, रक्तदाब कसा आहे, शुद्ध किती आली आणि अंगाचा रंग कसा आहे, अशा पाच गोष्टींना प्रत्येकी दोनपर्यंत गुण. आता रंगाऐवजी रक्तातील ऑक्सिजन मोजतात. दहापैकी नऊ गुण मिळाले की रोगी सहसा वॉर्डात जाण्यास योग्य ठरतो.

दाराबाहेर मात्र यातले काहीच कळत नाही. १ जुलै १९९८ रोजी आपला जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला. २०२० साली नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. पण अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरातून आलेली म्हातारी पावरी नाहीतर भिली बोलते, नवापूरकडची मावची. तिला आपली मराठी अर्धीमुर्धीच समजते. लेकाच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क दिसला की तिला वाटते, संपले! कमरेत सुई देऊन भूल दिली असेल तर पाय काही तास हलत नाहीत. बायको समजते, धनी पांगळा झाला. भूल उतरताना पुष्कळांना हुडहुडी भरते, तिला घरचे ताप समजतात. आणि मायेपोटी कोणी घोटभर पाणी पाजले, तर पुरती शुद्ध नसताना ते श्वासनलिकेत जाऊन जिवावर बेतू शकते. अशी भीती घेऊन गेलेले कुटुंब पुढच्या खेपेस दवाखान्याची पायरी चढायला कचरते. दुखणे अंगावर काढले जाते, ही खरी हानी.

उपाय खर्चाचे नाहीत. हे सारे आदल्या दिवशीच घरच्यांना त्यांच्या बोलीत सांगावे. दर अर्ध्या तासाने कोणीतरी बाहेर येऊन निरोप द्यावा. नवीन काही नसले तरी "अजून आतच आहे, ठीक आहे" एवढे म्हणावे. डॉक्टरांची अनुमती असेल तर शुद्धीवर येताना एका आप्ताला जवळ बसू द्यावे. मूल असेल तर आईला. डोळे उघडताना ओळखीचा चेहरा दिसला की मूल सावरते.

परिचारिकांचे हात कामात गुंतलेले असतात. निरोपाचे काम आपण का करू नये? रुग्णालयाची परवानगी घेऊन दोघीदोघींनी पाळीपाळीने दाराशी बसावे. मात्र तीन पथ्ये पाळावीत: औषधपाण्याचा सल्ला देऊ नये, परिचारिकेने सांगितले तेवढेच सांगावे, आणि कोणाचे दुखणे गल्लीत बोलू नये.

ज्या भगिनींना पावरी, भिली, मावची किंवा अहिराणी येते, त्यांनी आज घरी जाण्यापूर्वी चिटणीसबाईंकडे नाव द्यावे. घरात बोललेली ती भाषा दवाखान्याच्या दाराशी औषधाइतकीच उपयोगी पडणार आहे.