प्रवासाची वही

मराठी घरातील प्रवासाला आरंभ होतो तो स्वयंपाकघरात. गाडी सुटावयास अद्याप दोन दिवस अवकाश असतो. पण कढईत चिवडा परतला जाऊ लागला, पाण्याऐवजी दुधात पीठ मळून दशम्या लाटल्या जाऊ लागल्या आणि माळ्यावरची ट्रंक खाली उतरली, की घर मनाने निम्मे बाहेर पडलेले असते. प्रवासाची तयारी म्हणजे तहान लागण्यापूर्वी तहानेचा आणि थंडी वाजण्यापूर्वी थंडीचा विचार. जो मनुष्य उद्या अडचणीत सापडण्याचा संभव आहे, त्याची आज घेतलेली काळजी. मग तो मनुष्य आपण स्वतः असो, की आपल्या घरातले दुसरे कोणी असो.

ही काळजी आता यंत्रांनी आपल्या शिरावर घेतली आहे. त्यात कमावले किती आणि गमावले किती, हा हिशेब सहसा कोणी मांडीत नाही. भिलाईतील एका घरात मात्र तो चाळीस वर्षे मांडला गेला आहे, आणि तोही एका साध्या रेघी वहीत.

भिलाई हे प्रवाशांनीच वसविलेले गाव. पोलादाच्या कारखान्याचा करार सोव्हिएत संघाशी १९५५ च्या फेब्रुवारीत झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे येथे आली, त्यांत मराठी माणसेही आली. छत्तीसगढात मराठी वस्ती नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून आहेच. पण भंडारा, गोंदिया, नागपूरकडून कारखान्यात आलेल्यांची गोष्ट थोडी निराळी. करार झाला तेव्हा भिलाई आणि भंडारा एकाच प्रांतात होती व त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. पुढल्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, मध्ये सीमा आली. २००० साली तर राज्याचे नावही बदलले. माणसे होती तेथेच राहिली, पण गावी जाणे हा परराज्याचा प्रवास झाला. दिवाळी, लग्न, मुंज, आजारपण, प्रत्येक निमित्ताने दुर्ग स्थानक गाठावयाचे, राजनांदगाव आणि डोंगरगढ मागे टाकावयाचे, दरेकशाचा बोगदा ओलांडला की महाराष्ट्रात आलो म्हणावयाचे, हा येथील मराठी कुटुंबांचा नित्यक्रम होऊन बसला.

वहीचे घर अशांपैकीच एक. गृहस्थ १९७४ साली भंडारा जिल्ह्यातून आले आणि रूळ तयार करणाऱ्या गिरणीत नोकरीला लागले. १९७९ साली लग्न झाले आणि त्याच वर्षी पत्नीने वहीचे पहिले पान लिहिले. प्रत्येक पानावर दोन रकाने. डावीकडे ‘नेले’, उजवीकडे ‘कमी पडले’. डावा रकाना निघण्यापूर्वी भरावयाचा, उजवा परत आल्यावर. विष्णुभट गोडसे १८५७ साली वरसईहून उत्तरेकडे निघाले आणि त्या प्रवासाची हकिगत त्यांनी पुष्कळ वर्षांनी लिहिली. ती १९०७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. या बाईंपुढे असा कोणताही आदर्श नव्हता आणि प्रसिद्धीची इच्छा तर मुळीच नव्हती. पुढच्या खेपेला मुलाला गार वारा बाधू नये, एवढाच त्या लेखनाचा हेतू.

तरीही ती वही चाळू लागले की एका देशाच्या प्रवासाचा इतिहास उलगडत जातो. पहिल्या पानांवर होल्डॉल आहे, फिरकीचा तांब्या आहे, ट्रंकेसाठी साखळी आणि कुलूप आहे, विजेरी आणि तिचे दोन जादा सेल आहेत, आणि पत्ता घालून ठेवलेली दोन पोस्टकार्डे आहेत. गावी पोहोचताच ‘सुखरूप पोहोचलो’ एवढे चार ओळींत लिहून कार्ड पेटीत टाकावयाचे, ही त्या काळची रीत. ते कार्ड भिलाईस येईपर्यंतचे चार दिवस मागे राहिलेल्या माणसाने धीराने काढावयाचे असत.

पुढे होल्डॉल दिसेनासा होतो. त्याचे कारण वहीत नाही, रेल्वेच्या इतिहासात आहे. १९७७ साली मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या डब्यातील उघड्या लाकडी फळ्यांवर दोन इंच जाडीची मऊ गादी बसविण्याचे श्रेय त्यांचे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांनी हावड्याहून मुंबईस जाणारी, सर्वांना एकच वर्ग असलेली गीतांजली एक्सप्रेस सुरू केली, आणि ती दुर्गवरूनच जाऊ लागली. पाठीला गादी मिळाल्यावर वळकटी वाहून नेण्याचे प्रयोजन उरले नाही. एका मंत्र्याच्या निर्णयाने लक्षावधी हमालांचे आणि गृहिणींचे ओझे असे हलके झाले.

नव्वदीनंतरच्या पानांवर पोस्टकार्डांची जागा ‘एस.टी.डी.साठी सुटे पैसे’ घेतात. मग कॅमेरा येतो, त्यासोबत छत्तीस चित्रांचा एक रोल. २००५ च्या पानावर ‘मोबाईल’ हा शब्द प्रथम दिसतो आणि पुढल्याच पानावर, उजव्या रकान्यात, ‘चार्जर घरी राहिला’. त्यानंतर डावा रकाना आखडत जातो. घड्याळ गेले, विजेरी गेली, कॅमेरा गेला, वेळापत्रक गेले, तिकिटाचा कागदही गेला; हे सारे त्या एका यंत्राच्या पोटात जाऊन बसले. मध्येच एका पानावर जुनी ओळ पुन्हा उगवते, ‘चादर, उशीची खोळ’. ते पान २०२१ सालचे. साथीमुळे रेल्वेने वातानुकूलित डब्यांतील अंथरूण-पांघरूण देणे बंद केले होते. ते २०२२ च्या मार्चमध्ये पुन्हा सुरू झाले. गेलेली वळकटी दोन वर्षांपुरती अशी परत येऊन गेली.

ते पान बाईंच्या हातचे शेवटचे. पुढच्या वर्षी त्या वारल्या.

यानंतर गृहस्थांना पुण्यास नातवाच्या मुंजीला जाण्याचा प्रसंग आला, तोही एकट्याने. मुलाने तिकीट पुण्याहूनच काढले आणि ते फोनवर पाठविले. परतीचा प्रवास रायपूरपर्यंत विमानाने ठरला. सोबतीला म्हणून पॉवर बँक नावाची विजेची डबी आली. गृहस्थांनी ती कारखान्यातल्या सवयीने उलटसुलट करून पाहिली. डबीवर १०,००० चा आकडा होता, पण विजेचा दाब बदलताना काही अंश उष्णतेच्या रूपाने वाया जाणारच, तेव्हा हाती त्याहून कमी येणार, हे त्यांनी चटकन ओळखले. लिथियमचे हे घट १९९१ साली बाजारात आले आणि खिशातली यंत्रे त्यांच्यामुळेच शक्य झाली. पण बिघडल्यास ते पेट घेऊ शकतात, म्हणून अशी डबी विमानात सामानाच्या पेटीत न देता हातच्या पिशवीतच ठेवावी लागते. गृहस्थांनी हे सारे वहीच्या नव्या पानावर लिहून काढले. मुलाला फोनवर ते कळले, तेव्हा तो हसला.

“बाबा, आता वहीचे काय काम? सगळे फोनमध्ये आहे.”

“फोनमध्ये आहे, खरे. पण फोन खिशात आहे. खिसा कापला गेला, तर?”

हे गृहस्थ यंत्राचे वैरी नव्हेत. त्यांचे सारे आयुष्य यंत्राजवळ गेले आहे. त्यांच्या गिरणीत आरंभी रुळाची लांबी १३ मीटर असे; म्हणजे मैलभर धावेपर्यंत गाडीची चाके प्रत्येक रुळावर शंभराहून अधिक सांधे ओलांडीत, आणि त्या ठोक्यांच्या तालावर प्रवासी पेंगत. आज भिलाईच्या नव्या गिरणीत १३० मीटरांचा सलग रूळ निघतो आणि असे दोन जोडून २६० मीटरांचा पट्टा रवाना होतो. तो जुना ठोका कमी करण्यात आपल्याही घामाचा वाटा आहे, ह्याचा त्यांना अभिमान आहे. सांधा जितका कमी, तितका धोका कमी, हे त्यांना कोणी शिकवावयास नको. मात्र जो सांधा उरतो त्यावर सगळ्यांत अधिक लक्ष ठेवावे लागते, हेही त्यांना ठाऊक आहे.

गाडीत त्याचा प्रत्यय आला. गोंदियास एक तरुण मुलगी डब्यात चढली. पुण्यास नोकरी करणारी, सुटी संपवून परत निघालेली. नागपूर मागे पडल्यावर वरच्या बाकावरून तिचा फोन निसटला, खाली आपटला आणि काळा पडला. तिकीट त्यात होते. पण तपासनिसाच्या हातातील यंत्रात नाव होते व तिच्यापाशी ओळखपत्र होते, तेव्हा तो प्रश्न मिटला. खरा प्रश्न पुढे उभा राहिला. रात्री घरी फोन न गेल्यास आई घाबरणार. गृहस्थांनी आपला फोन पुढे केला. मुलीने तो हातात घेतला आणि ती तशीच थांबली. तिला आईचा क्रमांक आठवेना. भावाचाही आठवेना. पाठ होता तो एकच, लहानपणच्या घरातल्या फोनचा, आणि तो फोन तर कधीच काढून टाकलेला. आपली टपालपेटी उघडून पाहावी, तर परवलीचा आकडा नेमका त्या मेलेल्या फोनवर जाणार!

शेवटी समोरच्या बाकावरील विद्यार्थ्याला एक युक्ती सुचली. मुलीच्या वडिलांचे गोंदियात दुकान होते. त्याने नकाशात ते दुकान शोधले. नावाखाली क्रमांक होता. तो लावला आणि वडिलांचा आवाज आला. यंत्राने अडविलेले यंत्रानेच सोडविले, हे मान्य केले पाहिजे. पण ते सुटेपर्यंत गोंदियाच्या त्या घरात दीड तास काय झाले असेल, ते त्या आईलाच माहीत. पोस्टकार्डाच्या काळात मागे राहिलेला माणूस चार दिवस निश्चिंत राहू शकत असे, कारण चार दिवस काही कळावयाचेच नसे. आता प्रत्येक स्थानकावरून कुशल कळते, म्हणून एका स्थानकाचा अबोलाही जिवाला घोर लावतो. वाट पाहण्याचे दिवस कमी झाले, वाट पाहण्याची शक्ती त्याहून अधिक कमी झाली.

गृहस्थांनी वहीचे एक कोरे पान फाडून मुलीला दिले. तिने त्यावर दोन क्रमांक लिहिले, घडी घातली आणि कागद पर्समध्ये ठेवला.

नवी साधने टाकून देऊन तांब्या आणि होल्डॉल घेऊन निघावे, असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. ओझे हलके झाले, हे चांगलेच झाले. परंतु साधन आपले ओझे वाहते, आपल्या वतीने काळजी वाहत नाही. ती वाहावयास माणूसच लागतो, आणि पूर्वी कोणी ती वाहत असे, हे पुष्कळदा तो माणूस गेल्यावरच ध्यानात येते.

मुंज आटोपून गृहस्थ भिलाईस परतले. चार दिवस वही टेबलावर तशीच पडून होती. पाचव्या दिवशी त्यांनी ती उघडली आणि उजव्या रकान्यात, पत्नी लिहीत असे तशाच लहान अक्षरांत, दोन ओळी लिहिल्या. पहिली अशी : ‘जवळच्या माणसांचे दोन क्रमांक तरी पाठ करावेत.’ आणि दुसरी : ‘दशम्या विकतच्या होत्या. दुसऱ्या दिवशीच वाळल्या.’