फळ्यावर लिहिलेली दोन अक्षरं

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘आपली नववीची सहल’ हा विषय दिला. त्यांना वाटलं असेल, हा काहीतरी गमतीचं सांगेल. गंमत सांगतोच, पण मला एक कबुलीही द्यायची आहे.

आठवतं ना? सहल महाबळेश्वरला ठरली होती. वर्गणी जाहीर झाली, यादी लागली आणि यादीत पहिलं नाव माझं होतं. आठवड्याभराने इतिहासाच्या बाई वर्गात आल्या आणि म्हणाल्या, "महाबळेश्वर रद्द. आपण पुणं बघायचं, पायी. बसच्या तिकिटापुरते पैसे आणि डबा आणा." वर्गात केवढा गलका! पुणं काय बघायचं, रोज तर बघतो! मधल्या सुट्टीत फळ्यावर कोणीतरी मोठ्या अक्षरांत ‘कंजूष सहल’ असं लिहिलं. बाईंनी आल्यावर ते पुसलं आणि धडा सुरू केला. कोणी लिहिलं, हे विचारलंसुद्धा नाही.

तर १९८९ च्या जानेवारीत आपण विश्रांतवाडीच्या चौकातून पीएमटी पकडली, मनपाला उतरलो आणि नव्या पुलावरून चालत शनिवारवाड्यासमोर आलो. दिल्ली दरवाजाचे खिळे बघून मुलं हत्ती झाली, दरवाजाला धडका देऊ लागली. आत गेल्यावर अर्ध्या वर्गाने "काका मला वाचवा" ओरडून घेतलं. ३० ऑगस्ट १७७३ ही नारायणरावाच्या खुनाची तारीख माझ्या डोक्यात तेव्हापासून बसली आहे. पण बाईंचं लक्ष वेगळीकडेच होतं. त्यांनी आपल्याला हजारी कारंज्यापाशी उभं केलं आणि विचारलं, "वाडा बांधला, १८२८ च्या आगीत जळला, ते सगळं पुस्तकात आहे. या कारंज्याला पाणी कुठून यायचं?" कोणी म्हणालं मुठेतून, कोणी म्हणालं विहिरीतून. बाई म्हणाल्या, कात्रजहून! नानासाहेब पेशव्यांनी तिथे तलाव बांधला आणि जमिनीखालच्या दगडी नळातून पाणी शहरात आणलं. त्यावर पेठापेठांतून हौद बांधले गेले. काळा हौद, बदामी हौद ही नावं आपण बसच्या पाट्यांवर वाचत होतो, पण ते खरोखरचे हौद होते हे मला त्या दिवशी कळलं.

कसबा गणपती, लाल महाल हे भराभर झालं. पुढे बुधवार पेठेत दगडूशेठ गणपतीसमोर एका मोडक्या वाड्यापुढे बाई थांबल्या. खाली दुकानं, वर पडकी माडी. आपल्याला वाटलं, चप्पल तुटली की काय. तो भिडे वाडा. १८४८ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती इथे, असं त्यांनी सांगितलं आणि आपल्या वर्गातल्या मुलींना पुढे उभं केलं. आता तो वाडा नाही. डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय स्मारकासाठी पाडला. आपण तो पाहिलाय, एवढं तरी म्हणता येईल.

तुळशीबागेत राममंदिराच्या आवारात डबे उघडले. बाईंनी गोल बसवलं आणि डबे एक-एक घर उजवीकडे सरकवायला लावले. माझ्यापुढे भाकरी आणि लसणाची चटणी आली, माझी पोळी-भाजी भलत्याकडेच गेली. मी कुरकुरलो, मग चटणी संपवून टाकली.

पुढे मंडई. त्या आठकोनी मनोऱ्याची इमारत १८८६ ची, मूळ नाव गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून रे मार्केट. गंमत बघा, एवढा खर्च तिच्यावर नको, असं नगरपालिकेत जोतिरावांचं म्हणणं होतं आणि आज मंडईला नाव त्यांचंच आहे! तिथे बाईंनी स्वतःच्या पैशांनी पेरूची अख्खी पाटी घेतली.

पाय मोडले होते. कोणीतरी "बाई, बस" म्हणालं. त्यावर बाई म्हणाल्या, "आषाढीला आपल्या चौकातून आळंदीची पालखी जाते, म्हाताऱ्या बायका पंढरपूरपर्यंत चालतात. तुम्हाला गंज पेठ होईना?" झाली. फुलेवाड्याच्या अंगणात आपण पेरू खात बसलो आणि सकाळच्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर तिथे मिळालं. कात्रजचं पाणी गावात आलं, पण गावातल्या सगळ्यांना ते भरता येत नव्हतं. १८६८ साली जोतिरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. बाई एवढंच बोलल्या. मला वाटलं, सहल संपली.

छत्तीस वर्षांनी, या मेळाव्याचे फोन करताना वर्गातल्या एका मित्राने मला सांगितलं की महाबळेश्वरच्या यादीत अकरा जणांची नावं नव्हती. त्यांतला एक तो. वर्गणी घरात मागायचीच नाही, असं त्याने ठरवलं होतं. सहलीच्या दिवशी ताप आला म्हणून सांगायचं, हेही ठरलं होतं. बाईंनी त्याला काही विचारलं नाही. सहलच बदलली. त्याचं नाव सांगू नको म्हणालाय, सांगत नाही. भाकरी-चटणीचा डबा मात्र त्याचाच होता.

बाई, फळ्यावर ते मी लिहिलं होतं. तुम्हाला तेव्हाच अक्षर ओळखू आलं असणार, माझ्या वह्या तुम्हीच तपासायचात. तेव्हा सांगितलं नाही, आज सर्वांसमोर सांगतो. माझं चुकलं.

आणि त्या पेरूंचे पैसे तुमचे होते. आज सकाळी मंडईत जाऊन एक पाटी घेतली आहे, मागे पाण्याच्या पिंपाशेजारी ठेवली आहे. मीठ-तिखटही आहे. पहिला पेरू बाईंना द्या, मग बाकीच्यांनी घ्या.