रान, यंत्र आणि आपले वाङ्मय



साहित्यावर बोलण्यासाठी कामगार संघटनेच्या माणसाला बोलावण्याचे धाडस चालकांनी केले आहे. त्याबद्दल त्यांचे आभार मानावेत की त्यांची काळजी करावी, हे व्याख्यान संपल्यावर ठरेल. आमचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. कोणते पुस्तक कोणत्या विषयात मोडते हे आम्हांला कोणी शिकवले नाही; हाती लागले ते वाचले. त्यातून एक खोड मात्र जडली. कोणतीही वस्तू पुढे आली, मग ते लुगडे असो, पूल असो की कविता असो, आमच्या मनात पहिला प्रश्न हा येतो की हिच्यात कोणाकोणाची मेहनत आहे, आणि त्यांचे नाव कोठे लिहिले आहे काय? होरपळणारा निसर्ग, शिकणारे यंत्र आणि आपले वाङ्मय ह्या आजच्या विषयाकडेही आम्ही ह्याच खोडीने पाहणार आहोत.

२०२५ साली महाराष्ट्राने दोन माणसे महिन्याभराच्या आत गमावली. २० मे रोजी जयंत नारळीकर गेले आणि १८ जूनला मारुती चितमपल्ली. दोघेही अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले. चितमपल्ली २००६ साली सोलापूरला, नारळीकर २०२१ साली नाशिकला. एकाने आयुष्य रानात घालवले, दुसऱ्याने आकाशाच्या गणितात. वाचनालयात ह्या दोघांची कपाटे वेगळी असतात. आमचे म्हणणे असे की ती कपाटे एकमेकांशेजारी ठेवण्याची वेळ आली आहे.

चितमपल्ली वनखात्याचे नोकर. त्यांच्या नोकरीचा मोठा काळ आपल्या विदर्भात गेला. नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट ही नावे अनेकांच्या मनात त्यांच्या पुस्तकांतूनच शिरली. बगळ्यांच्या विणीच्या वसाहतीला सारंगागार आणि कावळ्यांच्या वसाहतीला काकागार म्हणावे, हे मराठी वाचकाला त्यांनी सांगितले. काही शब्द त्यांनी संस्कृत ग्रंथांतून उचलले. पण कितीतरी आले ते ढीवरांच्या, गोंडांच्या, कोरकूंच्या आणि वनमजुरांच्या तोंडून. आणि आम्हांला मोलाची वाटते ती गोष्ट ही, की ते शब्द त्यांनी फुकट नेले नाहीत. त्या माणसांच्या मागून ते वर्षानुवर्षे चालले, तळ्याच्या काठी त्यांच्याबरोबर रात्री काढल्या, आणि लिहिताना शब्दाबरोबर माणूसही आणला. झाडाची साल कोणी दाखवली, पाखराचे नाव कोणी सांगितले, हे पुस्तकात राहते. आमच्या भाषेत सांगायचे तर हजेरीपटावर सगळ्यांची नावे आहेत.

आता नारळीकरांकडे वळू. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी त्यांनी आपली पहिली कथा नारायण विनायक जगताप ह्या टोपणनावाने पाठवली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीच्या हातून लिहून घेतली होती. कथेला बक्षीस मिळाले. त्या काळी परीक्षकाला फसवायचे तर निदान दुसऱ्याचा हात तरी लागत असे! आज लेखन पुढे आले की कोणाचा हात, हा प्रश्न मागे पडतो. मुळात हात आहे काय, असे विचारावे लागते.

त्यांच्या 'हिमप्रलया'त मुंबईत बर्फ पडते, आणि शास्त्रज्ञाने आधी दिलेला इशारा कोणी मनावर घेतलेला नसतो. 'वामन परत न आला' ह्या कादंबरीत तर त्यांनी आजच्या वादाचे मूळच धरले आहे. जमिनीत खोल एक पेटी सापडते. आपल्याहून पुढारलेल्या, पण लयाला गेलेल्या एका संस्कृतीची ती ठेव. तिच्यातल्या माहितीवरून यंत्रे घडतात आणि शेवटी वामन नावाचा यंत्रमानव उभा राहतो. त्याला हवे असते एकच, आपल्यासारखे दुसरे घडविण्याची विद्या. ही कादंबरी येऊन कित्येक वर्षे झाली. आम्ही ती वाचली तेव्हा आम्हांला झोप लागली नाही. १८७७ साली ह्याच नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली तेव्हापासून ह्या शहराने नवी नवी यंत्रे पाहिली. प्रत्येक यंत्राने काही माणसे घरी बसवली, पण यंत्र बसवायला आणि बिघडले तर खोलायला फिटर लागतच होता. वामनाला फिटर नको असतो.

'रोबॉट' ह्या शब्दाचीही एक मौज आहे. तो प्रयोगशाळेत जन्मला नाही. तो नाटकात जन्मला. कारेल चापेक ह्या चेक नाटककाराचे 'आर. यू. आर.' हे नाटक १९२० साली प्रसिद्ध झाले आणि १९२१ मध्ये रंगभूमीवर आले. शब्द सुचवला त्याच्या चित्रकार भावाने, योसेफने. आणि चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठ, जमीनदाराच्या शेतावर सक्तीने राबणे. आपण त्याचे 'यंत्रमानव' असे भारदस्त भाषांतर केले आणि त्यातली वेठबिगारी गाळून टाकली. भाषांतरकारांवर आमचा राग नाही, पण हा शब्द 'यंत्रवेठ्या' असा आला असता तर गिरणगावात त्याची चर्चा पन्नास वर्षे आधी झाली असती.

आमची तक्रार अशी की आपल्या रानाच्या पुस्तकांत यंत्र येते ते केवळ कुऱ्हाडीचा धाकटा भाऊ म्हणून, आणि यंत्राच्या कथांत रान येतच नाही. वास्तविक पाहता, ही दोन एकमेकांना कशी चिकटली आहेत हे नागपूरकराइतके कोणाला दिसावे? चंद्रपूरला २,९२० मेगावॅटचे औष्णिक केंद्र आहे. इकडे कोराडीला ६६० मेगावॅटचे ३ संच आहेत. कोळसा निघतो तो ताडोबाच्या शेजारून, उमरेडकडून, कामठीकडून. राख पडते ती आसपासच्या गावांच्या शिवारात. शिकणारी यंत्रे ज्या प्रचंड गणकशाळांत चालतात, त्यांना दिवसरात्र वीज लागते आणि थंड ठेवायला पाणी लागते. तेव्हा 'यंत्राची बुद्धी' म्हणून जी ढगात तरंगते असे आपण समजतो, तिचा पाय कोठेतरी एखाद्या खाणीत असतो. चापेकच्या कारखान्याला कोळसा कोण पुरवीत होते, हे आम्हांला अजून कळलेले नाही.

आणि उन्हाळा. २३ मे २०१३ रोजी ह्या शहराचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. पुढे ३० मे २०२४ रोजी एका स्वयंचलित केंद्राने नागपूरचे तापमान ५६ अंश दाखवले! बातमी देशभर गेली. मग हवामान खात्याने यंत्राचा संवेदक बिघडल्याचा खुलासा केला. आमच्यातले एक जुने सभासद तेव्हा म्हणाले, "यंत्राले ऊन लागलं असन." सगळे हसले. पण त्याच दुपारी रस्त्यावर असलेल्या पोट्ट्यांनी मोबाईलवर ५६ हा आकडा वाचला, आणि मोबाईलवर आलेली पुढची ऑर्डर घेऊन ते निघाले.

ह्या पोरांची आम्ही गेली काही वर्षे बांधणी करीत आहोत. घरोघर जेवण आणि किराणा पोहोचवणारी ही मुले. त्यांचा मुकादम मोबाईलमध्ये बसलेला असतो. महालातल्या आणि इतवारीतल्या गल्ल्या त्या मुकादमाला मुळात ठाऊक नव्हत्या. ह्याच पोरांच्या गाड्यांमागून तो त्या शिकला. आडबोळ कोठून निघते, फाटक केव्हा बंद असते, सारे शिकला. शिकून झाल्यावर त्याने पोहोचवण्याची वेळ कमी केली. मे महिन्यात दुपारी दोन वाजता एक मुलगा सीताबर्डीवर कडुनिंबाखाली दहा मिनिटे बसला, तर त्याच्या नावापुढे उशीर लागला. तो आम्हांला म्हणाला, "भाऊ, तो शिकला आमच्यापासून, पण त्याले ऊन नाही शिकवता आलं." चितमपल्लींनी रानातल्या माणसांकडून घेतले आणि ह्या यंत्राने आमच्या पोरांकडून घेतले. घेणे दोन्हीकडे आहे, हजेरीपट एकाकडेच.

लेखकमंडळींनी हा प्रश्न परका समजू नये. त्यांची पुस्तकेही ह्याच रीतीने यंत्राच्या पोटात गेली आहेत. २०२३ साली अमेरिकेतल्या चित्रपट आणि दूरदर्शनसाठी लिहिणाऱ्या सुमारे ११,५०० लेखकांनी २ मेपासून २७ सप्टेंबरपर्यंत, म्हणजे १४८ दिवस संप केला. पगाराबरोबर यंत्राचा प्रश्न त्यांनी मागण्यांत घातला होता. करारात लिहून घेतले की यंत्राने लिहिलेला मजकूर हे लेखकाचे साहित्य धरले जाणार नाही, यंत्र वापरण्याची सक्ती लेखकावर होणार नाही, आणि यंत्राचा मजकूर हातात दिला तर तसे आधी सांगावे लागेल. यंत्र फोडा, असे कोणी म्हटले नाही. कोणत्या अटींवर, एवढेच विचारले. आमच्याकडे गिरणीत दोनाऐवजी चार माग चालवायला सांगत तेव्हा कामगार हेच विचारीत. मराठी लेखकांची संघटना ह्या प्रश्नावर आमच्या दारी आली तर आम्ही चहा पाजू. अनुभव फुकट देऊ.

मागच्या पावसाळ्यात आम्ही रात्रीच्या अभ्यासवर्गात 'वामन परत न आला' मोठ्याने वाचली. वर्गात ही मोबाईलवाली पोरे होती, दोन वीज केंद्रातले कंत्राटी कामगार होते. यंत्रमानव माणसाच्या डोक्यावर बसेल काय, ह्यावर चर्चा रंगेल असे आम्हांला वाटले होते. तसे झाले नाही. डोक्यावर बसणे म्हणजे काय हे त्यांना समजावण्याची गरजच नव्हती. एका पोराने भलताच प्रश्न काढला : "भाऊ, पेटी जमिनीतून काढली ते ठीक. पण खड्डा ज्यांनी खणला, त्यांच्यावर कोणी काही लिहिलं का?" आम्ही म्हटले, तूच लिही.

पंधरा दिवसांनी त्याने चार पाने आणून दिली. पेनाने लिहिलेली, घामाने एका कोपऱ्यात शाई पसरलेली. खड्डा खणणारा मजूर एकटाच त्या पेटीला कान लावून बसतो, अशी गोष्ट आहे. ती पाने आज आम्ही बरोबर आणली आहेत. शुद्धलेखन सुधारलेले नाही. खरे तर ती त्यानेच येथे वाचायची होती. पण संध्याकाळी सात ते दहा ही त्याच्या कमाईची वेळ. अध्यक्षांची परवानगी असेल तर आता आम्ही ती वाचतो.