मी पाहिलेले एक संगीत नाटक

नाटक पाहून आलेला मनुष्य साधारणतः नटांविषयी बोलतो. मला मात्र आज एका प्रेक्षकाविषयी, म्हणजे माझ्याविषयीच, थोडे बोलावयाचे आहे. कारण त्या रात्री रंगभूमीवर मुलांचा छळ करणारा जो मास्तर दाखविला होता, तो माझ्याच व्यवसायाचा होता. मी अडतीस वर्षे शाळेत शिकविले.

२०२२ च्या जानेवारीत मी लंडन येथे मुलीकडे मुक्कामास होतो. एके सायंकाळी माझी एकोणीस वर्षांची नात म्हणाली, "आजोबा, तुम्हांला संगीत नाटकांची आवड आहे ना? मग चला माझ्याबरोबर." इस्लिंग्टन भागातील आल्मेडा नावाच्या लहानशा नाट्यगृहात आम्ही गेलो. करोनाच्या साथीचे दिवस असल्यामुळे प्रेक्षक मुखपट्ट्या लावून बसले होते. नातीच्या पलीकडच्या खुर्चीवर एक तरुण येऊन बसला. "हा माझा मित्र," एवढेच तिने सांगितले. परंतु मुखपट्टीने तोंड झाकते, डोळे झाकत नाहीत. जे समजावयाचे ते मी समजलो.

नाटकाचे नाव 'स्प्रिंग अवेकनिंग', म्हणजे वसंताची जाग. मूळ नाटक फ्रांक वेडेकिंड ह्या जर्मन लेखकाने १८९१ साली प्रसिद्ध केले. ते इतके स्पष्ट होते की, रंगभूमीवर येण्यास १९०६ साल उजाडले. आणि तेव्हाही बर्लिन येथे माक्स राइनहार्ट ह्यांना ते काटछाट करूनच करावे लागले. पुढे स्टीव्हन सेटर ह्यांनी संवाद व पदे लिहिली, डंकन शीक ह्यांनी संगीत दिले, आणि २००६ साली न्यूयॉर्कमध्ये त्याचे संगीत नाटक झाले. पुढच्याच वर्षी त्यास आठ टोनी पारितोषिके मिळाली.

कथा जर्मनीतील एका गावातील शाळकरी मुलांची आहे. वेंडला ही मुलगी आईला विचारते, मूल कसे होते? आई लाजते, विषय टाळते, आणि अखेरीस सांगते की, पतीवर मनापासून प्रेम केले म्हणजे मूल होते. मॉरिट्झ हा भित्रा मुलगा. लॅटिनच्या तासाला चुकतो आणि मास्तर त्यास सर्वांदेखत हिणवितात. मेल्किओर हा बुद्धिमान. ग्रंथ वाचून आपणांस जे कळले ते तो आपल्या मित्रासाठी लिहून देतो. परिणाम काय होतो? मॉरिट्झ नापास होतो आणि जीव देतो. ज्याने खरे लिहिले त्या मेल्किओरला शाळेतून काढतात. आणि वेंडलाला तर आपण आई होणार हे आधी कळतसुद्धा नाही. आई चोरून गर्भपात करविते, त्यात ती मरते.

रॉक म्हणून जे संगीत आहे, त्याविषयी माझे मत अनुकूल नव्हते. तो मोठा गलका आहे, अशी माझी समजूत होती. परंतु तेथे बसल्यावर त्याचे प्रयोजन कळले. वर्गात ह्या मुलांना बोलण्याची मुभा नाही. मनात दाबून ठेवलेले एकदम फुटते तेव्हा त्यास असाच आवाज असणार. बोलताना ती सव्वाशे वर्षांपूर्वीची मुले असतात. गाऊ लागली की आपल्या शेजारी बसलेली होतात. आणखी एक योजना मार्मिक वाटली. नाटकातील सारे बाप आणि मास्तर एकच नट करतो, साऱ्या आया आणि मास्तरणी एकच नटी करते. मुलांच्या दृष्टीने वडीलधाऱ्यांचा चेहरा एकच असतो, तो म्हणजे दुसरीकडे वळविलेला.

श्रोतेहो, येथे मला माझा सातवीचा वर्ग आठवला. १९८८ साल असावे. मी फुलाचे भाग शिकवीत होतो. पुंकेसर, स्त्रीकेसर, परागकण फळ्यावर काढून झाले. तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहून म्हणाला, "गुरुजी, फुलांचे समजले. माणसांचे कसे असते?" त्यात वात्रटपणा नव्हता. वर्ग हसला म्हणून मी चिडलो, आणि त्याच्या हातावर पट्टी मारली. प्रकरण तेवढ्यावर संपले, असे मी समजत होतो. परंतु त्या मुलाने पुढे वर्षभर मला कोणताच प्रश्न विचारला नाही, गणितातलासुद्धा. मी एका प्रश्नाला शिक्षा केली. त्याने सारेच प्रश्न मिटवून ठेवले.

कोणी म्हणेल, ही परदेशातील गोष्ट, तिच्याशी आपला संबंध काय? परंतु आपले संगीत नाटक ज्या कथेने सुरू झाले ती कोणती? १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले. तेथेही एक कोवळी मुलगी वडिलांच्या गैरहजेरीत प्रेमात पडते. कण्व परत येतात आणि कालिदास सांगतो की, अग्निशाळेत त्यांना अशरीरिणी वाणीने सारे कळते. म्हणजे ती आकाशवाणीच! ऋषी रागावत नाहीत. मुलीला जवळ घेतात, आणि तिच्या पाठवणीची तयारी करतात. हा आदर्श आपल्या घरात असता मी पट्टी का उचलली?

नाटक सुटल्यावर थंडीत बसची वाट पाहत आम्ही उभे होतो. नात हळूच म्हणाली, "आजोबा, आईला अजून सांगितलेले नाही. तुम्ही रागावलात का?" 'आधी अभ्यासाकडे लक्ष दे', हे वाक्य जिभेवर आले होते, अडतीस वर्षांची सवय! ते मी गिळले. त्या तरुणास नाव विचारले, काय शिकतो ते विचारले. मग नातीला म्हटले, "आईला आजच सांग. मी शेजारी बसतो." त्या रात्री आम्ही तिघेजण स्वयंपाकघरात बराच वेळ बोलत होतो. माझी मुलगी प्रथम गप्प झाली, मग थोडी रडली, आणि अखेरीस तिने त्या मुलास रविवारी जेवावयास बोलाविले. पुढे काय होईल ते त्यांचे त्यांनी पाहावे; दार उघडे राहिले, एवढे पुरे.

माझा तो सातवीचा विद्यार्थी आता पन्नाशीला आला असेल. कदाचित् त्यासही मुले असतील. तो हे ऐकत असेल तर त्यास मला एवढेच सांगावयाचे आहे: बाळ, तुझा प्रश्न योग्य होता. चूक गुरुजींची होती. तुझ्या मुलांनी विचारले, तर तू उत्तर दे.