पातळ हात, मग दुसरा हात

श्रोतेहो, छोट्या रेल्वेच्या मांडणीतली इमारत कशी जोडायची, ते किटमधल्या कागदावर असतं. ते तुम्ही वाचालच. मला बोलायचंय रंगाबद्दल. पुण्यात कोथरूडला जोशी यांच्या मिनिएचर रेल्वे संग्रहालयात गाड्या पाहून मुलं घरी येतात, हट्टानं स्टेशनचं किट आणायला लावतात, भिंती आणि छप्पर भराभर चिकटवतात आणि वरून जाड रंग थापतात. विटांच्या रेषा बुजल्या की त्या स्टेशनात उरलं काय?

छोट्या रेल्वेच्या एचओ मापात सगळं खऱ्यापेक्षा ८७ पट लहान. दोन मीटरचं दार तिथे जेमतेम २३ मिलिमीटरचं. मग दगडांमधल्या सांध्याची खोली किती असेल, तुम्हीच सांगा. म्हणून रंग पातळ हवा.

घर सारवताना पाहिलंय ना? आधी केर काढायचा, नाहीतर धूळच वर येते. शेण सैल कालवायचं. घट्ट गोळा थापला तर पोपडे सुटतात. आणि वाळेपर्यंत कुणी पाय ठेवायचा नाही. रंगाचंही तेच. सुटे भाग आधी साबणाच्या पाण्यानं धुवा, कारण साच्याचं तेल त्यांवर राहिलेलं असू शकतं. मग करड्या प्रायमरचा पातळ हात. वाळू द्या. मग रंगाचा पातळ हात. वाळू द्या. मग दुसरा.

सारवणारी बाई आतल्या कोपऱ्यातून दाराकडे सरकत येते, हेही आठवा. जिथे मागाहून ब्रश पोचणार नाही, ते आधी रंगवा. खिडक्यांच्या चौकटी आधी. भिंतींची आतली बाजू आधी, आणि ती काळी, म्हणजे दिवा लावल्यावर भिंतीतून उजेड झिरपणार नाही. थोडक्यात, रंग आधी, जोडणी मागून. फक्त सांध्याच्या कडा कोऱ्या ठेवा. पॉलिस्टायरीनचा गोंद प्लास्टिक विरघळवून दोन्ही भाग एकजीव करतो. मध्ये रंग आला की पकड बसत नाही. लागलाच रंग, तर पात्यानं खरवडा. हे काम मोठ्यांनी करावं.

आपल्याकडच्या काळ्या दगडाचं स्टेशन करणार असाल, तर काळी बाटली बाजूला ठेवा. हा दगड उन्हात करडा दिसतो, आणि लहान वस्तूवर गडद रंग अधिकच गडद वाटतो. करड्यात पांढऱ्याचा थेंब टाका. रंग मॅट घ्या. चकाकणारी भिंत खेळण्यासारखी दिसते. सांध्यांतल्या चुन्यासाठी फिकट रंग अगदी पाण्यासारखा करून फिरवा आणि लगेच पुसा. सांध्यात तेवढा उरतो. पण पुन्हा सांगतो, खालचा रंग जाड असेल तर चुना उरायला सांधाच सापडायचा नाही!

आता छप्पर. मंगलोरी कौलं सगळी एकाच लाल रंगात नकोत. काही जुनी, काही बदललेली, धुराड्याजवळची काजळलेली. त्यासाठी ब्रश जवळजवळ कोरडा करून... पण समोरचा दिवा लागला, वेळ संपत आली. तेव्हा मुलांनो, आज एकच हात द्या आणि डबी बंद करा. दुसरा हात उद्या, पहिला पुरता वाळल्यावर.