बेटावरचे मासे आणि खरवईतली टाकी

लोकलमध्ये उभे असाल तर आधी नीट पकडून उभे राहा, मग ऐका. आजची गोष्ट माशांची आहे, आणि ती आमच्या बदलापूरच्या खरवईत सुरू होते.

माझा एक मावसभाऊ आहे. वय चोवीस, कंपनीत कंत्राटी नोकरी, आणि रात्री झोप येईपर्यंत यूट्यूब. दोन वर्षांपूर्वी त्याच्या फोनवर एकसारखे बायोफ्लॉकचे व्हिडिओ यायला लागले. तुम्हीही पाहिले असतील. ताडपत्रीची गोल टाकी, पाण्यात हवेचे बुडबुडे, जाळ्यात उड्या मारणारे मासे आणि खाली मोठ्या अक्षरांत लाखांचे आकडे. घरामागे थोडी मोकळी जागा होती. मावशीने पतपेढीतली ठेव मोडून पैसे दिले. टाकी उभी राहिली, तिलापियाची बोटुकली सोडली.

चार महिने सगळं मस्त चाललं. मासे तळहाताएवढे झाले. मग पावसाच्या तोंडावर एका रात्री वारा सुटला आणि लाइट गेली. हवेचा पंप बंद. इन्व्हर्टर 'पुढच्या महिन्यात घेऊ' म्हणून राहिला होता. एवढ्या दाटीने मासे ठेवले की पंप बंद पडल्यावर अर्ध्या-एक तासातच पाण्यातला ऑक्सिजन संपायला लागतो. सकाळी टाकीवर नुसती पांढरी पोटं तरंगत होती. मावशी काही बोलली नाही. तिने टोपली आणली आणि मासे भरायला लागली.

मी बरेच दिवस विचार करत होतो की चुकलं काय. पोरगा आळशी नव्हता. व्हिडिओही सगळे खोटे नसतात. मग वाचत वाचत मी भलतीकडेच पोचलो, छोट्या बेटांवर. कारण टाकी म्हणजे एक बेटच असतं हो. खाद्य बाहेरून येतं, वीज बाहेरून येते, बीज बाहेरून येतं. आत झालेली घाण आपोआप कुठे जात नाही. आणि चूक झाली तर सावरायला जागा नसते. बेटावरची माणसं हे सगळं आपल्या कितीतरी आधी शिकलीत.

पहिलं बेट घेऊ नाउरू. प्रशांत महासागरात, जेमतेम २१ चौरस किलोमीटरचा देश. म्हणजे एक आख्खा देश, आणि आपलं अंबरनाथ-बदलापूर त्याच्याहून मोठं. या बेटाच्या मधोमध बुआडा नावाचं तळं आहे. नाउरूची माणसं ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावरच्या खडकांतून मिल्कफिश नावाच्या माशाची पिल्लं पकडायची, घरी आणून जपायची आणि या तळ्यात वाढवायची. तळ्याचे भाग कुटुंबांमध्ये वाटलेले होते. खाद्याच्या गोण्या नाहीत, पंप नाही. सणावाराला हाच मासा.

मग १९६० च्या सुमारास तिथे मोझांबिक तिलापिया आणून सोडला गेला. हेतू वाईट नव्हता. लवकर वाढणारा, काहीही खाणारा मासा, लोकांना खायला मिळेल असा विचार. पण तिलापियाची पैदास इतकी झाली की मिल्कफिशचं खाणं तोच संपवायला लागला. मिल्कफिश वाढेना. लोकांनाही तिलापियाची चव आवडली नाही. हळूहळू कुटुंबांनी तळ्यात पिल्लं सोडणंच बंद केलं. एक मासा आत आला आणि पिढ्यान् पिढ्यांची मत्स्यशेती गेली. मोठ्या देशात एक तळं बिघडलं तर दुसरं असतं. नाउरूला दुसरं कुठून आणायचं?

आता हाच मोझांबिक तिलापिया भारतात कधी आला माहितीये? १९५२ मध्ये. आज तो आपल्या कितीतरी तळ्यांत आणि धरणांत घर करून बसलाय. म्हणूनच आज तिलापिया पाळायला सरकारी परवानगी लागते, आणि तुम्ही-आम्ही ज्याला थाई मांगूर म्हणतो त्या आफ्रिकन मांगूर माशाच्या शेतीवर केंद्राने २००० सालीच बंदी घातली. तरी ठाणे, भिवंडी भागात लपूनछपून तळी चालायची आणि मत्स्यव्यवसाय खात्याला ती नष्ट करायला जावं लागलं. माझ्या मावसभावाला परवानगीची गोष्ट माहीतच नव्हती. बीज देणाऱ्याने विचारलं नाही, याने सांगितलं नाही.

तुम्ही म्हणाल, टाकीतला मासा बाहेर कशाला जातोय? अहो, २७ जुलै २०१९ आठवा. बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती, हजारभर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढलं होतं. उल्हास नदी रुळांवर येते, तिथे चार-पाच फुटांची ताडपत्रीची टाकी काय टिकणार? टाकीतलं जे काही असेल ते नदीत, आणि तिथून कल्याणवरून खाडीला.

दुसरं बेट, सेशेल्समधलं कोएटिव्ही. हिंदी महासागरातलं एकटं, लांबवरचं बेट. तिथे निर्यातीसाठी टायगर कोळंबीचा मोठा प्रकल्प उभा केला होता. पाणी स्वच्छ, जागा मोकळी, कागदावर सगळं छान. पण डिझेल जहाजाने आणायचं, माल जहाजाने न्यायचा. इंधन महागलं आणि त्याच वेळी आशियातल्या देशांनी जगाच्या बाजारात स्वस्त कोळंबी ओतली. शेवटी प्रकल्प बंद पडला.

ही गोष्ट मी मावसभावाला सांगितली तेव्हा तो म्हणाला, "दादा, आपण कुठे निर्यात करतोय?" बरोबर आहे. पण हिशोब तोच लागतो. मत्स्यशेतीत निम्म्याहून जास्त खर्च खाद्यावर होतो. टाकीत एक किलो मासा तयार करायला साधारण सव्वा ते दीड किलो खाद्य लागतं. खाद्याचा भाव तुमच्या हातात नाही आणि बाजारात मासा कितीला जाणार तेही तुमच्या हातात नाही. मधल्या फटीत जे उरतं तो तुमचा नफा. त्यातून विजेचं बिल जातं, मेलेले मासे जातात. व्हिडिओत ही फट कुणी दाखवत नाही.

आता तिसरी गोष्ट, आणि ती आपल्या घरच्या अंगणातली आहे. गोव्यातली मांडवी नदी, आणि तिच्या पात्रातली चोडण आणि दिवाडी ही बेटं. ओल्ड गोव्याला गेला असाल तर फेरीबोट पाहिली असेल, त्याच वाटेवरची. या बेटांवर आणि आसपासच्या गावांत खाजन जमिनी आहेत. गोवाभर मिळून सुमारे १८ हजार हेक्टर. पोर्तुगीज येण्याच्या आधीपासून माणसांनी खाडीला मातीचे बांध घालून ही जमीन मिळवली.

त्या बांधात एक लाकडी दार असतं, त्याला म्हणतात मानस. आपल्याकडे रायगडात खारभूमीच्या बांधाला उघाडी असते ना, तिचीच बहीण. भरती आली की पाण्याच्या दाबाने दार आपोआप बंद होतं आणि खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटीला ते उघडतं आणि आतलं जादा पाणी बाहेर जातं. मोटर नाही, लाइट नाही. पावसाळ्यात आत भात, खाऱ्या पाण्याला दाद न देणारा कोरगुट. आणि दाराजवळच्या खोलगट भागात कोळंबी, शेवटे, काळुंद्र, खेकडे. ओहोटीला दारावर जाळं बांधलं की मासा स्वतःच चालत येतो म्हणायचं.

पण या व्यवस्थेतली खरी हुशारी त्या दाराच्या लिलावात आहे. मानशीवर मासे धरायचा हक्क गावकरी मिळून, म्हणजे गावाची कोमुनिदाद, लिलावात देत असे. त्या पैशातून बांधाची डागडुजी व्हायची. म्हणजे माशाचा पैसा भाताला वाचवायचा. दार किती उघडायचं हे एकट्या मासे धरणाऱ्याच्या मर्जीवर नव्हतं. त्याने जास्त खारं पाणी आत घेतलं तर शेजाऱ्याचं भात जळेल, हे सगळ्यांना माहीत होतं.

पुढे काय झालं? १९६४ चा कूळ कायदा आला. कुळांना हक्क मिळाला, तो मिळायलाच हवा होता. पण बांध कुणी सांभाळायचा हा प्रश्न लोंबकळत राहिला. कोळंबीचा भाव वाढत गेला. मग कुठे कुठे दार मुद्दाम उघडं ठेवायला लागले, बांध फुटले तरी बुजवेनात. मांडवीतून खनिजाच्या बार्जेस जायच्या, त्यांच्या लाटांनी बांध खचले ते वेगळंच. एकदा शेतात खारं पाणी मुरलं की भात पिकवणं अवघड होऊन बसतं. आज अशा कितीतरी शेतांत खारफुटी उभी आहे. पहिल्या दोन-चार वर्षांत ज्याने कोळंबी विकली त्याचा फायदा झाला. नुकसान मात्र अख्ख्या गावाने सोसलं.

प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांवरही अशीच जुनी व्यवस्था होती. किनाऱ्याला दगडी भिंत आणि भिंतीत जाळीचं दार, त्याला 'माकाहा' म्हणतात. लहान मासा आत येतो, खाऊन मोठा होतो, मग त्याला बाहेर पडता येत नाही. कितीतरी तळी मधल्या काळात मोडली, पण ओआहू बेटावर हेएइया इथे स्थानिक लोक हातांनी दगड रचून तळं पुन्हा उभं करतायत. म्हणजे हे सगळं संपलेलं नाहीये.

तर मंडळी, तिन्ही गोष्टी जोडून बघा. नाउरूत दारातून काय आत आलं, कोएटिव्हीत दाराबाहेरच्या बाजारावर किती भिस्त होती, आणि चोडण-दिवाडीत दार कुणाच्या हातात होतं. छोट्या जागेत मासा वाढवणं जमतं, हजारो वर्षं जमलंय. फक्त दाराचा विचार माशाच्या आधी करावा लागतो.

तुम्ही टाकीचा विचार करत असाल, तर पैसे टाकण्याआधी चार कामं करा. एक, जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन कोणत्या माशाला परवानगी आहे ते विचारा. रोहू, कटला, मृगळ हे आपलेच मासे आहेत. दोन, २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेची चौकशी तिथेच करा. खुल्या गटाला ४० टक्के, महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान अशी तिची रचना आहे. तीन, लाइट गेल्यावर पंप कशावर चालणार ते ठरवा. चार, पूररेषा कुठे आहे ते गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा, त्यांना कुठल्याही ॲपपेक्षा जास्त माहीत असतं.

आणि एकट्याने करू नका. चार घरं मिळून एक तळं किंवा दोन टाक्या केल्या, तर जनरेटर एकच लागतो, रात्री जागायला माणूस असतो, आणि तोटा एका मावशीच्या ठेवीवर पडत नाही.

मावसभाऊ पुन्हा सुरू करणार म्हणतोय. या वेळी शेजारचे दोघे सोबत आहेत. मावशीने अजून हो म्हटलेलं नाही. मागच्या रविवारी जेवताना तिने एकच अट घातली, "आधी इन्व्हर्टर घरात दिसू दे, मग मासे."

तुमच्या गावात खाजन, उघाडी किंवा सामाईक तळं आहे का? ते आज कोण सांभाळतं? व्हॉइस नोट करून नक्की पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. तोपर्यंत काळजी घ्या. भेटूच!